पाठ माझी, तोंड तिचं

"हनुवटी वर कर," म्हणत मेकपवाल्यानं माझ्या तोंडाला काजळी फासली. मी मुळातच काळी. खाडीत होडी वल्हवून उन्हानं आणखी काळी झालेली. तो मागं सरकला, बघितलं आणि शेजारच्याला म्हणाला, "एवढ्यानं नाही भागत. लुटारू वाटले पाहिजेत." पुन्हा फासली. आमची सगळी आळी तशीच रांगेत उभी. माझा बासुद्धा. बा होडीवरचा तांडेल, त्याच्यापुढं कोणी आवाज चढवत नसे. त्याला एका पोरसवदा माणसानं मानेला धरून रांगेत सरकवलं.

मी हनुवटी वरच ठेवली. दिग्दर्शकानं मला शब्द दिला होता ना.

देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली होती. मुंबईची सिनेमा कंपनी दिघीच्या अलीकडं आमच्या किनाऱ्यावर उतरली. सिनेमा जुन्या काळातल्या बंडखोराचा. किल्ल्यावरच्या सरदाराची धान्याची गलबतं लुटून उपाशी गावांत वाटणारा. तो आमचा काळू तांडेल. त्याची गोष्ट आम्ही बाहेरच्याला सांगत नाही. नारळी पुनवेनंतर होडी पाण्यात लोटायच्या आधी सगळे होडीत बसून एका टोपातलं कालवण खातात, तेव्हाच ती सांगायची. त्या टोपातलं जेवला तो होडीचा. त्या जेवणाला दिग्दर्शक आला, मांडी घालून बसला, बोटं चाटून जेवला. बा भुलला.

"आता ह्यो आपल्या होडीचा मानूस," म्हणाला आणि सगळं सांगून बसला. काळूची बहीण वादळात एकटी वल्ही मारत जाऊन भावाला सोडवते, तेही.

"ती बहीण तूच," दिग्दर्शक मला म्हणाला. "तुमची गोष्ट, तुमचीच माणसं."

मी लाटांत होडी घातली. हाताची सालटी निघाली तरी हसत होते. अशा शब्दावर विसंबलं की काय होतं, ते तेव्हा कळत नव्हतं.

पावसाळ्याआधी दिघीला तंबूत तो सिनेमा लागला. आम्ही सणाची लुगडी नेसून गेलो.

पडद्यावरचा काळू गोरापान. नावही दुसरं. शेवटी कळतं की तो राजाचा लहानपणी हरवलेला मुलगा. कोळणीच्या पोटी एवढा शूर जन्मेल कसा, नाही का? आणि आम्ही कुठं होतो? आम्ही होतो झिंगलेले, काजळलेले, दात विचकणारे. दारूच्या मडक्यासाठी त्याला सरदाराला विकणारे. मडकं घेणारा माझा बा. त्याला फक्त सांगितलं होतं, हात पुढं कर, मडकं घे. त्याला वाटलं, पाण्याचं आहे.

मग वादळ आलं. वल्ही मारणारी माझी पाठ, माझे दंड. ऊर भरून आला. पडद्यावरच्या बहिणीनं मान वळवली आणि तोंड निघालं एका गोऱ्या, पावडर लावलेल्या बाईचं.

तंबूतली माणसं मागं वळून आम्हाला बघून हसत होती. आम्ही घरी आलो. दारात बा म्हणाला, "मी इकला काळूला."

"तू न्हाय, बा. तुलाच इकला त्यांनी."

त्या वर्षी नारळी पुनवेनंतर दिग्दर्शक परत आला. नवा सिनेमा, पुन्हा होड्या हव्या होत्या. आम्ही होडीत टोपाभोवती बसलो होतो. तोही येऊन बसला, हात पुढं केला. बा वाढायला वाकला. टोपापाशी आलेल्याला उठवायची आमच्यात रीत नाही.

मी टोप उचलला. "ह्यातलं तुमाला न्हाय."

"अगं, सिनेमा आहे तो. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

"काळूला कोळी का न्हाय ठेवला?"

"काळा कोळी हिरो म्हणून कोण बघणार?"

"आमी बघाया गेलो व्हतो," मी म्हटलं.

तो हसला. पण होडीतून उतरला.  बाच्या तोंडून काळूची गोष्ट निघेना, म्हणून मी उभी राहिले आणि मी सांगितली.

आता ती मीच सांगते. होडीत आणि भर बाजारात, मासळीच्या पाटीशी बसून, ऐकेल त्या प्रत्येकाला. आम्ही झाकून ठेवली म्हणून त्यांना ती हवी तशी वाकवता आली. काळू कोळी होता. काळा होता. त्याची बहीण माझ्यासारखी दिसत होती. ज्याला माझी पाठ हवी, त्यानं माझं तोंड दाखवायचं. नाहीतर वल्ही स्वतः मारायची.