शिळे पाणी
चिंचेने घासलेल्या तांब्याच्या हंड्याचा आंबट वास आला की डोंबिवलीतली, ऐंशीच्या दशकातली एक सकाळ आठवते. वर्षानुवर्षे पाऊस हुकून विहिरी आटल्या, म्हणून मराठवाड्यातले गाव सोडून आलेली एक बाई आमच्या शेजारच्या बांधकामावर राबत असे. नळ येण्याआधी मी कालचे पाणी मोरीत ओतू लागलो, तेव्हा ती कळशी घेऊन दारात आली. "दादा, मला द्या की!" "शिळं आहे," म्हणत मी हंडा रिकामा केला. "अगं बया, पाणी बी शिळं हुतं व्हय?" ती हसली. त्या दिवशी नळ आलाच नाही. संध्याकाळी टँकरवरून भरलेली अर्धी कळशी तिने आमच्या उंबऱ्यावर ठेवली. "घ्या दादा, ताजं हाय." कालचे पाणी मी आता ओतत नाही, मात्र तिच्या कळशीत घालायचे ते राहूनच गेले.