शत्रुपक्षाचं गाणं

माल्टात प्रसिद्ध होणं सोपं आहे, निनावी राहणं महाकठीण. देशाच्या या टोकाला शिंकलं की त्या टोकाची आत्या औषध सांगायला फोन करते. अशा देशात विस्तिन झाम्मितने एक गुपित एक्कावन्न वर्षं पोटात ठेवलं होतं. त्यात तो कवी. कवीच्या पोटात दोन ओळी राहत नाहीत, तिथे याने अख्खं गाणं जिरवलं होतं.

वय अठ्ठ्याहत्तर. नावावर तीन संग्रह, त्यांच्या निम्म्या प्रती भेट दिलेल्या, निम्म्या पलंगाखाली. रोज सकाळी बेकरीपर्यंत चालत जायचं, डॉक्टरने बंद केलेल्या दोन खुसखुशीत पास्तित्सी उभ्याउभ्याच हाणायच्या, मिशी पुसायची आणि घरी येऊन बायकोला सांगायचं की आज भूकच नाही. चेत्ता त्याच्या कोटावरचे पापुद्रे झटकत म्हणायची, "कविता लिहून आलास वाटतं. चुरा सांडलाय."

गावाला संत दोन, म्हणून बँड दोन आणि क्लबही दोन, चौकात समोरासमोर. लाल क्लब सान रॉक्कुचा, निळा सांता लुचियाचा. वर्षाचे अकरा महिने सगळे एकमेकांचे साडू-मेव्हणे. उत्सवाच्या महिन्यात मात्र सख्खा भाऊ भावाला ओळख देत नाही. निळ्यांची मिरवणूक दारावरून गेली की लाल घराने खिडक्या लावून घ्यायच्या, हा रिवाज. विस्तिन जन्माचा लाल, लालांचं उत्सवगीत त्याचंच. तोही खिडकी लावायचा, पण बोटभर फट ठेवून. कारण खाली निळे जे गाणं गात जायचे, तेही त्यानेच लिहिलेलं होतं.

त्याचं असं झालं. चेत्ता ही निळ्यांचे अध्यक्ष इंद्री यांची मुलगी, आणि "लालाला मुलगी देण्यापेक्षा विहिरीत टाकीन" हे इंद्रींचं आवडतं वाक्य. त्या वर्षी निळ्यांना नवं गाणं हवं होतं आणि त्यांचा एकुलता एक कवी ऑस्ट्रेलियाला निघून गेला होता. विस्तिनने गाणं लिहून चेत्ताकडे दिलं. तिने ते आपल्या हाताने उतरवून, बिननावाचं, क्लबाच्या पेटीत टाकलं. उत्सवात ते ऐकून इंद्री ढसाढसा रडले. घरी येताच मुलीने सांगितलं, "बाबा, ज्याने रडवलं तोच तुमचा जावई."

इंद्री तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "कर लग्न. पण हे लालाने लिहिलं असं गावाला कळलं, तर निळे पुन्हा ते तोंडातून काढणार नाहीत. माझ्या लुचियाचं गाणं मारू नका." दोघांनी शब्द दिला.

विस्तिनला गुपिताचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख होतं छापखान्याचं. त्याने लिहिलं होतं, 'अंधार कितीही दाटो, लुचिया, तुझ्या हातात शेमा.' शेमा म्हणजे मेणबत्ती. छापून आलं 'शेम्श', म्हणजे सूर्य. त्याच ओळीला बायका डोळ्यांना पदर... म्हणजे रुमाल लावायच्या, पुरुष टोप्या काढायचे. आणि खिडकीच्या फटीमागे विस्तिन दात चावत म्हणायचा, "मेणबत्ती, गाढवांनो, मेणबत्ती!" चेत्ताला नेमकं त्याच वेळी स्वयंपाकघरात काम निघायचं.

यंदा उत्सवाच्या आठवडाभर आधी निळ्यांची सेक्रेटरी जोसेट मागच्या गल्लीने त्याच्या घरी आली. शाळेत शिकवणारी, चुणचुणीत पोर.

"विस्तिनकाका, मी इथे आले होते हे कुणाला सांगू नका हं."

"मेला, मी कशाला सांगू? तू आत शिरताना समोरच्या तीन खिडक्या उघडल्यात. त्या सांगतील."

मराठी माणसाने इथे दचकू नये, कोणी गेलेलं नाही. या बेटावर 'मग', 'बरं', 'तर काय' या सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे, मेला, आणि तो लोक मरेपर्यंत वापरतात.

जोसेट म्हणाली, "आम्ही चौकात संगमरवरी पाटी लावतोय. त्यावर आमचं गाणं कोरायचंय, आणि खाली कवीचं नाव. पण कवी कोण ते आमच्यात कुणालाच माहीत नाही. तुम्ही शत्रू खरे, पण गावात तुम्हालाच त्यातलं कळतं."

विस्तिनच्या छातीत बँड वाजू लागला. संगमरवर! पलंगाखालच्या प्रतींना वाळवी लागेल, संगमरवराला कोण खातं?

"समजा," त्याने हळूच खडा टाकला, "तो कवी लाल निघाला तर?"

जोसेट खळखळून हसली. "मग पाटीचं पायपुसणं करू आणि नवं गाणं शोधू."

तरीही त्याला सांगावंसं वाटत होतं. या वयात माणसाला दुसरं काय हवं असतं? आपलं एक गाणं बरं जमलं होतं, एवढं चार लोकांना कळावं. 'मी' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण आधी चूक सुधारावी म्हणून तो म्हणाला, "एक ध्यानात ठेव. कोरताना तो सूर्य काढा. ती छापखान्याची चूक आहे."

"चूक कशी असेल?" जोसेटने पिशवीतून एक पिवळा कागद काढला. "इंद्रीनानांच्या पेटीत मूळ प्रत सापडली. बघा ना, अक्षर ओळखता येतंय का."

विस्तिनने पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अक्षर चेत्ताचं होतं आणि त्यात गोल, ठसठशीत लिहिलं होतं: शेम्श.

"उद्या ये," तो म्हणाला. "ओळखीचं वाटतंय."

चेत्ता ओट्याशी छोटे गोल भोपळे पोखरत बसली होती, आत खिमा भरायचा होता.

"छापखान्यातलं गाढव इथे बसलंय तर!"

तिने मान वर केली नाही. "सापडला वाटतं कागद."

"एक्कावन्न वर्षं मी त्या छापखानेवाल्याला शिव्या घालतोय! त्याच्या मयतीला गेलो नाही मी!"

"मी गेले होते ना. तुझ्या वतीने माफी मागून आले."

"का बदललास शब्द?"

"मेणबत्ती काय, वारा आला की विझते." तिने चमचा खाली ठेवला. "बाबा नाही म्हणत होते, तू लाल, मी निळी, आणि मी रात्रभर तुझ्या ओळी उतरवत होते. मला न विझणारं काहीतरी हवं होतं. म्हणून लिहिलं. आणि वृत्तातही बसत होतं."

"वृत्तात बसतं हे माहितेय मला!" तो ओरडला. "पन्नास वेळा मोजून पाहिलंय!"

तो न जेवता सज्जात जाऊन बसला. जुनं टाचण काढून गाणं मेणबत्तीसकट मोठ्याने वाचलं. मग सूर्यासकट वाचलं. मेणबत्तीचं गाणं वाईट नव्हतं. लालांच्या गाण्यासारखंच होतं, स्वच्छ, इस्त्रीचं आणि आळणी. त्याला आधी चेत्ताचा राग आला, मग स्वतःचा, आणि मग भोपळ्यांचा वास आला तसा तो मुकाट्याने आत जाऊन जेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने जोसेटला सांगितलं, "अक्षर माझ्या बायकोचं आहे."

"काय सांगता! चेत्ताकाकूंनी लिहिलं? म्हणजे आमच्या इंद्रीनानांच्या मुलीने!"

"मी अक्षराबद्दल बोललो," विस्तिन म्हणाला, पण जोसेट तोवर अर्ध्या गल्लीत पोचली होती.

चेत्ताने कलथा उगारला. "खोटारड्या! मी एक शब्द लिहिला फक्त!"

"लोक रडतात तो तेवढाच."

"आणि तुझं नाव?"

"माझं नाव घातलं तर गाणं मरेल. तुझ्या बापाने सांगितलंय."

तिने कलथा खाली घेतला. "वाईट वाटतंय?"

"खूप वाटतंय," विस्तिन म्हणाला, आणि तिने कलथा ठेवून त्याच्या कोटाची कॉलर उगाच सारखी केली.

उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी पाटीचं अनावरण झालं. चेत्ता माहेरचा निळा स्कार्फ बांधून पुढे बसली. विस्तिनला चौकाच्या त्या बाजूला पाऊल टाकता येत नव्हतं, म्हणून तो लाल क्लबाच्या दारात खुर्ची टाकून बसला. शेजारी अध्यक्ष नार्दु. बँड सुरू झाला तसे आतले लाल दारं-खिडक्या लावायला उठले. नार्दुने हात वर केला. "असू द्या रे. आपल्या विस्तिनच्या बायकोचं गाणं आहे. आज ऐकायला हरकत नाही."

लाल क्लबाची दारं-खिडक्या उघडीच राहिली. त्या ओळीला नार्दुने टोपी काढली. मग विस्तिनच्या कानाशी वाकून म्हणाला, "रागवू नकोस गड्या. तुझं गाणं आपण जन्मभर गातोय. पण खरं सांगू? हिचं चांगलं आहे. लहानपणापासून मी हे चोरून ऐकतो."

विस्तिनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. नार्दु घाबरला, म्हणाला, "अरे, तुझंही काही अगदी टाकाऊ नाही."

चेत्ता हातात फुलं घेऊन घरी आली तेव्हा विस्तिन बूट काढत होता.

"तो नार्दु एवढं काय कुजबुजत होता?"

"म्हणाला, तुझ्यासारखं मला कधी जमलं नाही."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, खरंय. एका शब्दाने राहिलं."