तिसरी सुई

पोरगी माही तीन वर्षांची होती, तवा डॉक्टरनं सांगतलं, हिले थॅलेसेमिया हाय, अंगात रक्त टिकत नाई. मंग दर महिन्याले हिंगणीहून एसटीनं वर्ध्याले न्या लागे. रक्त चढलं का गालावर लाली ये. येतानी सेलूच्या स्टँडवर भजे मांगे.

वर्ध्याच्या डॉक्टर मॅडमनं बजावलं होतं, "बाई, रक्त आमी तपासूनच देतो, पण कधीमधी एखादा रोग तपासणीतूनही निसटते. कावीळ होऊ नये म्हणून तीन सुया हायेत, त्या घ्याच."

दोन घेतल्या. तिसरीच्या दिवशी पोरीची नसच सापडेना. सिस्टर इथं टोचे, तिथं टोचे. पोरगी रडली नाई. रक्त चढून झालं अन् सिस्टर ते काविळीची सुई घेऊन आली, तवा पोरीनं दोन्ही हात माह्या पदराखाली लपवले.

"माय, आता नको ना व."

"एकच तं हाय," सिस्टर म्हणे.

मी म्हणलं, "राहू द्या सिस्टर. चाळणी झाली तिच्या हाताची. पुढच्या खेपेले देऊ."

पुढच्या खेपेले सिस्टर दुसरीच होती. पोरीनं गुपचूप माह्या तोंडाकडे पायलं. मीही सुईची आठवण देल्ली नाई. मंग ते राहूनच गेलं. मले तं बरंच वाटे, लेकराची एक सुई वाचवली.

पुढं तिचे डोळे पिवळे झाले. रक्त कमी झालं का तसेही होत, म्हणून मी ध्यान देल्लं नाई. मंग अन्न जाईना, वकाऱ्या सुरू झाल्या. तपासणीत कावीळ निंघाली, रक्तातून येते ते.

मॅडमनं इचारलं, "तिन्ही सुया झाल्या होत्या ना?"

"हो," मी म्हणलं.

पोरगी खाटेवर जागीच होती. तिनं माह्याकडे पायलं अन् भिंतीकडे तोंड केलं. मले खोटं पाडलं नाई.

दुसऱ्या दिवशी मीच खरं सांगतलं. मॅडम चिडल्या नाई. "घेतली असती तं हे कावीळ टळली असती कदाचित. सांगता येत नाई." चिडल्या असत्या तं बरं झालं असतं.

पिवळेपणा गेला, पण रोग लिव्हरमंदी राह्यला. रक्त चालूच, त्याच्यावर लिव्हरच्या गोळ्या. पोरगी मोठी झाली, पण त्या सुईचं कधी बोलली नाई.

मंग माह्या लेकाले, तिच्या भावाले, पोरगं झालं. काविळीची सुई आता समद्याच लेकराईले देते. पोरगी म्हणे, भाच्याले मीच नेतो. मीही गेली संगं. सिस्टरनं सुई भरली, पोरीनं त्याची मांडी घट्ट धरली. तो लागला हातपाय झाडाले.

"हळू धर व, लेकरू हाय ते," मी म्हणलं.

तिनं हात ढिला केला नाई. हासून म्हणे, "माय, तू बाहेर जाऊन बस. तुले लवकर दया येते."

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसली. आतून नातू रडला. मंग तिचा आवाज आला, "झालं, झालं रे राजा."