लाइव्ह अल्बममधली एकेचाळीस नंबरची गाडी

यवतमाळला वीस वर्षं मी टीव्ही-टेप दुरुस्तीचं दुकान चालवलं. "याच्यात कोनीतरी बोलते" म्हणत लोक रेडिओ घेऊन यायचे, आणि एक सुटलेली वायर जोडून तो 'कोनीतरी' मी दहा मिनिटांत घालवायचो. त्यामुळे असले अनुभव मला सांगू नका, असं मीच या ग्रुपवर कित्येकांना लिहिलंय. आज माझी पाळी आहे. आधीच सांगतो, मला भीती वाटली नव्हती. राग आला होता... अजून आहे.

कापसाचे ते वाईट दिवस. कापूस फक्त सरकारनेच विकत घ्यायचा, ती एकाधिकार खरेदी शेवटच्या घटका मोजत होती. माझे वसंतमामा मारेगावकडच्या एका खरेदी केंद्रावर ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे, होते. केंद्राचं नाव लिहीत नाही, माणसं जिवंत आहेत. मामा प्रत्येक गाडीत खांद्यापर्यंत हात घालायचे, तळातून मूठभर कापूस काढायचे, धागा ओढून बघायचे आणि ओरडायचे, "गाडी बारा... सुपर." टेबलावरचा कारकून गुणवंत तेच मोठ्यांदा म्हणायचा, "गाडी बारा, सुपर," आणि रजिस्टरात लिहायचा. त्याचं उत्तर आल्याशिवाय मामा पुढच्या गाडीला हात लावत नसत. दोनदा ओरडतील, तीनदा ओरडतील, पण उत्तर घेतील.

या माणसाला शौक एकच, कॉलेजच्या होस्टेलमध्ये लागलेला. इंग्लंडातला एक जुना प्रोग्रेसिव्ह रॉक बँड. वीस-वीस मिनिटांचं एकेक गाणं. त्या लोकांनी म्हातारपणी केलेल्या कार्यक्रमाचा लाइव्ह अल्बम, दोन कॅसेटचा, मामांनी नागपूरहून आणला होता. जेवणाच्या सुट्टीत तो केंद्रावर लागायचा. गाडीवान म्हणायचे, "साहेब, तुमचं गानं सरनार नाई न् आमचा नंबर लागनार नाई." मामा हसायचे. मला म्हणायचे, "आइक, इथं गानाऱ्याचा आवाज फाटला. त्यायनं पुसला नाई, तसाच ठेवला. म्हनून मले हे आवडते."

एके दिवशी एका वजनदार व्यापाऱ्याची गाडी आली. नंबर एकेचाळीस. वर कोरडा कापूस, तळाला पाणी मारलेला. मामांनी "ओला, परत" सांगितलं आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन मामींनाही ते सांगितलं. आठवड्याने तोच ओला कापूस खरेदीत सापडून चौकशी लागली, तेव्हा रजिस्टरात एकेचाळीससमोर 'सुपर' होतं. गुणवंतचा जबाब तयार होता — ग्रेडरनं सांगितलं ते मी लिहिलं. मामा निलंबित. तीन महिन्यांत हार्ट अटॅकने गेले.

गुणवंत तेरवीला आला. पोटभर जेवला, वर भजी मागून घेतली. पुढच्या महिन्यात अहवाल आला, मामा दोषी. मेलेल्या माणसालाही त्यांनी सोडलं नाही.

मामींनी टेप आणि त्या कॅसेट मला दिल्या. दुपारी दुकानात लावल्या. दुसऱ्या कॅसेटची दुसरी बाजू. मोठं गाणं संपतं, टाळ्या पडतात... आणि त्या टाळ्यांतून मामांचा आवाज. "गाडी एकेचाळीस... ओला. परत." मग थोडी जागा. पुन्हा तेच. तीनदा. मग बँडने पुढचं गाणं सुरू केलं.

मी टेपचं हेड साफ केलं. दुसऱ्या टेपवर लावून पाहिलं. कंपनीची भरलेली कॅसेट, रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून असतात त्या पाठीवरच्या खाचा उघड्या, त्यावर चिकटपट्टीची खूणसुद्धा नाही, म्हणजे वरून भरणं शक्य नाही. आणि भरलं असतं तर खालच्या टाळ्या पुसल्या गेल्या असत्या. त्या अखंड होत्या.

मामींना ऐकवलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "ते थांबून राह्यले, बापू. त्यायले कोनी उत्तरच देल्लं नाई."

माझं डोकंच फिरलं. मोटरसायकलला टेप बांधला आणि सरळ गुणवंतचं गाव, मुकुटबन गाठलं. गुणवंत ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. बायको दारात गहू निवडत होती.

"काहून आला गा?"

"गानं आइकवाले."

लाइन नव्हती, सेलवर लावलं. टाळ्या पडल्या. मामांची पहिली हाक आली आणि अडकित्ता थांबला. दुसऱ्या हाकेला त्याने माझ्याकडे पाहिलं. तिसरी आली — "गाडी एकेचाळीस... ओला. परत."

गुणवंतची मान खाली गेली. उजव्या हाताची बोटं मांडीवर लिहू लागली आणि तो मोठ्यांदा म्हणाला, "गाडी एकेचाळीस, ओला, परत."

इतक्या वर्षांची सवय. तोंडातून गेलं ते गेलं. बायकोने सूप खाली ठेवलं.

"चाल," मी म्हटलं. "हेच चौकशीवाल्या साहेबापुढं लावतो. तूबी चाल."

मी कॅसेट मागे घेतली, पुन्हा लावली. टाळ्या. फक्त टाळ्या. पुन्हा लावली. टाळ्याच. गुणवंतच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "म्या काय म्हनलो? काहीच नाई म्हनलो," तो म्हणाला. बायको त्याच्याकडे बघत राहिली, मग सूप उचलून आत गेली. त्याची कॉलर धरावी असं वाटलं. धरली नाही, याचा आजही पस्तावा होतो.

त्यानंतर ती कॅसेट शेकडो वेळा ऐकली. गाणाऱ्याचा फाटलेला आवाज आहे, टाळ्या आहेत, मामा नाहीत. फितीवरचं काही पुसल्याशिवाय जात नाही, हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो. ती कोणी पुसली नव्हती. मग आवाज गेला कसा, हे कोणाला कळत असेल तर लिहा.

मामांना त्यांचं उत्तर मिळालं, ते पुढच्या गाडीकडे गेले असतील. त्या अहवालातला 'दोषी' काढावा म्हणून मी तीन अर्ज केले. एकाचंही उत्तर आलेलं नाही.