तपकिरीच्या डब्यावरचा कोंबडा

सन १९४१, पौष, निपाणीच्या बाजाराचा दिवस. दुकानात हजर: माझा थोरला भाऊ अण्णा, त्याच्यासाठी रंग घोटत बसलेली मी, आणि न विचारता आत शिरलेले तपकिरीचे एक व्यापारी व त्यांचे दोन हमाल.

अण्णा पाट्या रंगवायचा, लेबलं काढायचा. या व्यापाऱ्यांच्या डब्यावरचा कोंबडा त्यानंच काढलेला. खेड्यातलं गिऱ्हाईक अक्षर वाचत नसे. कोंबडा बघून डबा उचलत असे. त्या आठवड्यात चिकोडीच्या बाजारात दुसऱ्याच कुणाच्या तपकिरीवर हुबेहूब तोच कोंबडा आला होता. फक्त शेपूट हिरवं.

व्यापाऱ्यांनी तो डबा अण्णाच्या तोंडावर फेकला. भुवई फाटली, झाकण उडून तपकीर डोळ्यांत गेली.

"एकच कोंबडा दोन घरांत आरवतोय व्हय रं?"

दुसरा आपण काढला नाही, एवढं अण्णानं सांगितलं. हमालानं केसाला धरून त्याचं डोकं मेजावर दाबलं. दुसऱ्यानं उजवा हात पसरून धरला. मी व्यापाऱ्यांच्या मनगटाला चावले. त्यांनी लाथ घातली, मी खळीच्या भांड्यावर पडले. मग त्यांनी वखारीतून आणलेलं पाचशेरी वजन अण्णाच्या बोटांवर आपटलं. आणि पुन्हा आपटलं. वाळक्या तंबाखूचा पाला चुरगळावा तसा आवाज झाला.

हाडवैद्यानं कामट्या बांधल्या. बोटं वाकडीच राहिली.

खरं नंतर बाहेर आलं. लेबलाचं चित्र ज्या दगडावर काढतात, तो दगड बेळगावच्या छापखान्यातच ठेवायचा रिवाज होता. छापखानेवाल्यानं त्याच दगडावरून दुसऱ्याला लेबलं छापून दिली होती, शेपटाचा रंग बदलून. हे कळताच व्यापारी तेच हमाल घेऊन तिकडे गेले. छापखानेवाल्याचे दात पाडले, यंत्राचा दांडा मोडला, दगड उचलून आणला. पण आधीच छापून गेलेली हिरव्या शेपटाची लेबलं त्यानं थांबेनात. व्यापाऱ्यांचे वकील म्हणाले, चित्र मूळ कुणाच्या हातचं आहे ते कोर्टात सिद्ध करा.

तेव्हा व्यापारी एकटे आले आणि उंबऱ्यावर बसले.

"अण्णा, कोंबडा तुमचाच हाय, एवढं साक्षीत सांगा."

"माझा हाय तर माझं नाव घाला त्याच्याखाली."

डब्यावर नाव मालकाचं असतं, पेंटरचं कुठं असतं का, असं ते बराच वेळ समजावत राहिले. अण्णा हात मांडीवर उघडा ठेवून बसला होता. शेवटी ते कबूल झाले आणि नाव घालायला दगड आमच्याकडे पाठवला.

साक्ष झाली. वकिलांनी अण्णाला हात उपरण्याखाली ठेवायला सांगितलं होतं. बोटांबद्दल कुणी विचारलं नाही. हिरव्या शेपटाचं लेबल बंद झालं.

दगडावर अक्षरं उलटी लिहावी लागतात. वाकड्या बोटांत लेखणी ठरेना. डाव्या हातानं लिहिलेलं त्यानं पुसून टाकलं. व्यापाऱ्यांनी दुसरा कारागीर पाठवला, तेव्हा अण्णानं डाव्या हातानंच त्याच्या कानाखाली वाजवली आणि दारातून ढकलून दिलं.

"माझी सही दुसऱ्यानं काढायची न्हाय."

दगडावरची कोंबड्याच्या पायाखालची जागा मी घासून साफ ठेवली आहे. नाव अजून घालायचं आहे.