भिलाईच्या उन्हात कोण पडतं?

भिलाईला हौसेने जाणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. लोक नोकरीला जातात, लग्नाला जातात, नातू झाला म्हणून जातात. मी गेले ती ऊन आणि माणसं यांचा हिशेब लावायला, तेही ऐन मे महिन्यात. गोष्ट साठच्या दशकाच्या सुरुवातीची. तेव्हा पोलादाचा कारखाना निम्मा चालू होता आणि निम्मा उभा राहत होता. आता मी सत्त्याऐंशीची आहे, हा ब्लॉग माझी नातसून टाइप करते, आणि तिचं म्हणणं असं की प्रवासवर्णनात कसं जायचं, काय खायचं हे आलंच पाहिजे. येईल हो, दम धर.

झालं असं, की नागपूरला मेडिकल कॉलेजातल्या आमच्या विभागाच्या सरांकडे निरोप आला. भट्ट्यांवर आणि बांधकामावर दर उन्हाळ्यात माणसं कोसळत होती, काही दगावत होती. ऊन सगळ्यांना सारखंच, मग हाच का पडतो आणि शेजारचा का नाही? "औषध देणारे तिथे आहेत," सर म्हणाले. "माणूस पडायच्या आधी ओळखता येतो का, ते आपल्याला बघायचंय." हे ऐकल्याबरोबर विभागातले दोन्ही पुरुष डॉक्टर आपापल्या आजारी आईच्या सेवेला लागले. मी हात वर केला. माझी मावसबहीण वत्सलाताई भिलाईला सेक्टर सहामध्ये राहायची, म्हणून घरूनही परवानगी मिळाली. मी पंचवीसची होते आणि आपल्याला सगळं येतं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

सकाळच्या पॅसेंजरने निघाले. सोबत एक सुरई, दशम्या, कांदे आणि कोऱ्या कार्डांनी भरलेली पत्र्याची पेटी. पेटी इतकी जड, की हमालाने विचारलं, "बाई, लोखंड तं तिकडंच बनते ना, तुमी इकडून कावून नेऊन राहिल्या?" गोंदियाला गाडी मनसोक्त थांबली. तिथे पळसाच्या पानावर गरम भजी घेतली. डोंगरगडचा डोंगर उजाड होता, पण वरचं देऊळ खिडकीतून छान दिसलं. दुर्गला उतरले तेव्हा गरम वाऱ्याची लू अशी वाहत होती की पदर तोंडावरून काढवेना. सायकलरिक्षावाल्याने बारा आणे मागितले, मी आठ म्हटलं, आणि दहावर आम्ही दोघं खूश झालो. तुम्हाला जायचं असेल तर डिसेंबरात जा. मे महिन्यात जायला एक तर वेड लागावं लागतं, नाही तर सर लागतात.

सेक्टर सहा म्हणजे एकसारख्या क्वार्टरांच्या रांगाच रांगा. झाडं नुकती लावलेली, माझ्या गुडघ्याएवढी. ताईने दारावर निळा पडदा लावला होता, नाहीतर नवा माणूस शेजाऱ्याच्या घरात जाऊन पाणी मागायचा. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा निघायचा, तो पाच-दहा मिनिटं संपायचा नाही. ताईचे यजमान, नामदेव भाऊजी, भट्टीवर होते, पण मी पोचले तेव्हा ते बहिणीच्या लग्नाला साकोलीकडे गावी गेलेले. "आले नाहीत अजून," ताई म्हणाली. "तीन हप्ते झाले. मायच्या हातचं खाऊन राहिले असतील मस्त."

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. सकाळी कारखान्याच्या दवाखान्यातलं रजिस्टर उतरवायचं: कोण पडला, कुठे, कोणत्या पाळीत. दुपारी खुर्सीपारला जाऊन त्या माणसांना, किंवा त्यांच्या घरच्यांना, भेटायचं. खुर्सीपार म्हणजे कामगारांची दाट वस्ती, खापरांची घरं, मधून मधून पानाचे ठेले. न पडलेल्यांनाही तेच प्रश्न विचारायचे, ही सरांची सक्त ताकीद होती. पडलेल्यांनाच विचारत बसलं, तर सगळे जण मिशा ठेवतात म्हणून मिशांनी ऊन लागतं असंही निघेल, असं ते म्हणायचे. प्रत्येक माणसाचं एक कार्ड. वय, गाव, काम, जेवण, दारू, झोप.

तीन दिवसांत मला उत्तर सापडलं. म्हणजे तसं वाटलं. छत्तीसगढी कामगार सकाळी बासी खाऊन कामावर जायचे. बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ, कांदा आणि हिरवी मिरची लावून खायचा. (खाऊन बघा. पहिल्या घासाला तोंड वाकडं होईल, तिसऱ्याला वाटी पुढे कराल.) बासी खाणारे फारसे पडत नव्हते. आमचे विदर्भातले भाकरी खाणारे पडत होते. मीठ आणि पाणी! मी इतकी खूश झाले, की ताईलाही सकाळी बासी करायला लावली. "शिळा भात खायाले डॉक्टर झाली का तू?" ती म्हणाली, पण खाल्ला तिने.

शंका घेतली ती धनसायने. धनसाय भाऊजींच्याच भट्टीवरचा, जवळच्याच खेड्यातला, आता खुर्सीपारला राहणारा. त्याला मी अभिमानाने बासीचं सांगितलं तर म्हणाला, मग बाई, आमच्या शेजारचा पुनऊ कसा पडला? तो तर जन्मभर बासीच खात आलाय. कार्ड काढलं. खरंच, पुनऊ बासीवालाच. ताप आला म्हणून महिनाभर गावी पडून होता आणि कामावर आला त्याच हप्त्यात कोसळला. मला राग आला. एक कार्ड माझ्या एवढ्या सुंदर उत्तराची वाट लावत होतं! मी ते बाजूला ठेवलं. बाजूला ठेवलं हे कबूल करते, कारण बहुतेक जण करत नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी भाऊजी आले. सोबत त्यांच्याच गावचा किसन. तो मागच्या गल्लीत राहायचा, त्याच भट्टीवर होता आणि त्याच लग्नाला गेला होता. दोघांनी ओसरीवर चहा घेतला. किसनने पिशवीतून दहा-बारा गावठी आंबे काढून माझ्यापुढे ठेवले. "घ्या डॉक्टरीनबाई. तुमच्या कार्डावर लिवा, किसननं आंबे देल्ले म्हनून." गोड माणूस, सारखा हसायचा.

"आता आराम करा दोघं," ताई म्हणाली.

"आराम कुठचा!" भाऊजी म्हणाले. "तीन हप्ते धनसायनं माही पाळी काढली. उद्यापासून फेडाले लागन. रोज डबल."

"मले तं तिघायची फेडाची हाय," किसन म्हणाला. "मीबी उद्यापासूनच डबल."

मी कप खाली ठेवला. विचारलं, हे काय प्रकरण आहे? भाऊजींनी समजावलं. गावी लग्न, पेरणी, मयत काही निघालं की साथीदार तुमच्या जागेवर उभा राहतो. आपली पाळी करतो, मग तुमचीही करतो. तुम्ही आलात की लगेच त्याच्या पाळ्या फेडायच्या, आपली अधिक त्याची. जो चुकारपणा करतो, त्याच्यासाठी पुढच्या वेळेला कोणी उभं राहत नाही. वरिष्ठही कानाडोळा करायचे, कारण काम अडत नव्हतं.

माझ्या कार्डावर सगळं होतं, फक्त रजेचा रकाना नव्हता. मी तशीच उठले आणि दवाखान्याच्या कंपाउंडरला घेऊन हजेरीच्या ऑफिसात गेले. पडलेल्यांची नावं आणि हजेरीपुस्तक शेजारी ठेवून दोन तास बसले. एकामागून एक, पडलेला माणूस नुकताच गावाहून आलेला. कोणी पहिल्या दिवशी, कोणी तिसऱ्या, फार तर पाचव्या. आणि बहुतेक सगळे डबल पाळीवर. शरीराला भट्टीची सवय लागायला आठवडा-दीड आठवडा लागतो, आणि गावी आंब्याखाली झोपलं की ती सुटते. हे पुस्तकात होतं, मी वाचलेलंही होतं. पण ज्या हप्त्यात शरीर नवख्यासारखं असतं, नेमका तोच हप्ता हे लोक दुप्पट कामासाठी निवडत होते, तेही इमानदारीपायी. बासीवाले वाचत होते कारण त्यांची गावं सायकलच्या अंतरावर होती. ते लांबच्या रजेवर जातच नव्हते. पुनऊ गेला, आणि पडला.

घरी येऊन भाऊजींना सांगितलं, आठ दिवस डबल करू नका.

"कावून?"

"पडाल."

ते हसले. "तीन उन्हाळे काढले मी भट्टीवर. मले काई होत नाई."

"पडलेले सगळे असंच म्हणत होते."

"आन धनसायले काय तोंड दाखवू? त्यानं सोळा सोळा घंटे काढले माह्यासाठी. मी घरी लोळून राहू? पुढच्या खेपेले कोन उभा राहील?"

ताई पोळीचं पीठ मळत होती, ते मळतच राहिली. तिच्याकडे बघून मला कळलं, की भाऊजींपुढे डॉक्टरकी चालायची नाही. त्यांना थांबवू शकणारा माणूस एकच होता, ज्याचं देणं होतं तो. मी चपला घातल्या आणि ऊन कलायच्या आत खुर्सीपारची वाट धरली. किसनच्या दारावरूनच गेले. त्याची बायको गयाबाई दाराशी सुपात तांदूळ निवडत होती. "या ना बाई," म्हणाली. मी म्हटलं, नंतर येते.

धनसायपुढे मी कार्डं मांडली. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून नावं वाचली. प्रत्येक नावाला तो मान हलवत होता, सगळे त्याच्या ओळखीचे. शेवटी म्हणाला, "मैं ह अभी पाली नइ लेवंव बाई. आठ दिन बाद लेहूँ." आणि सायकल काढून माझ्याआधी सेक्टर सहात पोचला. मी पोचले तेव्हा भाऊजी लाल झाले होते. "माही इज्जत घालोली तू, कुमुद!" पण धनसायने फेड घ्यायलाच नकार दिल्यावर ते तरी काय करणार? दुसऱ्या दिवशी एकच पाळी करून घरी आले. माझ्याशी बोलले नाहीत, पण आले. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी किसन पडला.

दवाखान्यात बर्फ, ओल्या चादरी, पंखे, सगळं वेळेत झालं. दोन दिवस बेशुद्ध होता. वाचला. पण उठला तो चालताना तोल जाणारा, अडखळत बोलणारा किसन होऊन. मी त्याच्या उशाशी कार्ड घेऊन उभी होते आणि रजेचा नवा रकाना पहिल्यांदाच हजेरीपुस्तक न बघता भरत होते. शेजारी भाऊजी होते. त्यांच्याच तोंडून गयाबाईला कळलं असणार, की डॉक्टरीनबाईला हे आधीच सापडलं होतं.

ती माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलं. "बाई, तुमाले मालूम होतं, तं आमच्या घरी कावून नाई आल्या? आमच्या दारावरूनच तं गेल्या तुमी."

काय सांगणार? हे अजून अहवालात नाही, आधी सरांना दाखवायचं, कच्चं बोलू नये, असं काहीतरी त्या संध्याकाळी मी मनाशी म्हटलं होतं. भाऊजींच्या बाबतीत मात्र मला ते कच्चं वाटलं नव्हतं.

माझ्या मुक्कामाचे उरलेले तीन दिवस मी आणि धनसाय पाळी बदलायच्या वेळी फाटकाशी उभे राहिलो. सायकली थांबवून एकेकाला सांगितलं: फेड करा, पण आठ दिवसांनी. काही हसले, बरेच ऐकून गेले. सगळ्यात मोठ्याने सांगत होते ते नामदेव भाऊजी. परतीला त्यांनी स्वतः मला दुर्गला सोडलं, पेटी उचलली आणि म्हणाले, "जड हाय व तुही पेटी." पुढच्या उन्हाळ्यात ताईचं पत्र आलं, की त्यांच्या भट्टीवर आता गावाहून आलेल्याकडून आठ दिवस कोणी फेड घेतच नाही, मागितली तर लोक नावं ठेवतात. किसनला बागेत झाडांना पाणी घालायचं काम मिळालं होतं.

नागपूरला सरांनी कार्डं चाळली आणि पाठ थोपटली. अहवाल चांगला झाला, बासीची चूकही मी त्यात लिहिली. मला आजही त्या कामाचा अभिमान आहे. रोग कोणाला गाठणार हे आधी ओळखता येतं, हे मी भिलाईला माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर चाळीस वर्षं मी कार्डं घेऊन गावोगाव फिरले, पण भिलाईहून परतले त्याच आठवड्यात घरी बसून कार्डाच्या तळाशी एक नवा रकाना पाडून घेतला होता: "याला सांगितलं का?" मग पेटीतून भिलाईची कार्डं काढली आणि प्रत्येकावर तो हाताने आखला. किसनच्या कार्डावर तिथे "नाही" असं लिहिलं.