बाकाखालचा विंचू

ती घटना आठवली की आजही मला पहिल्यांदा दिसतो तो पोलीस ठाण्यातल्या बाकावर चपलांसकट उभा राहिलेला एक धडधाकट माणूस. हसू आवरत नाही. प्रकरण मात्र हसण्यासारखं नव्हतं. एका हुशार मुलीचं शिक्षण बंद पडायची वेळ आली होती.

नोकरीच्या शेवटच्या काळात मी सोलापूर जिल्ह्यात, अक्कलकोटच्या बाजूला, कर्नाटकच्या सरहद्दीजवळ एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. नावं सांगणार नाही, गावही सांगणार नाही. मुलांच्या प्रकरणात कायदा तेच सांगतो आणि त्याने सांगितलं नसतं तरी मी तेच केलं असतं.

सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. ठाणे अंमलदार चहाची वाट बघत होता. तेवढ्यात एक बाई आठवीतल्या मुलीचं मनगट धरून आत आल्या. कडक भाकरी करून विकायचा त्यांचा व्यवसाय, सोलापूरपर्यंत माल जायचा. मुलगी धड जेवत नव्हती, शाळेत जायचं नाही म्हणत होती आणि ज्यावर भाकरीच्या ऑर्डरी यायच्या तो आईचा मोबाइल तिने चक्क ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवला होता.

“साहेब, हिला जरा दरडावा की,” बाई म्हणाल्या. “ल्हानपनापास्नं पोलीस म्हटलं की घाबरती. माझ्याजवळ कायबी सांगत न्हाय.”

आमच्याकडची ही जुनी पद्धत. मूल जेवलं नाही की पोलीसमामा नेईल, झोपलं नाही की पोलीसमामा नेईल. नोकरीभर मी न बघितलेल्या हजारो पोरांना न मागता जेवायला घातलं असेल! पण त्याच पोराला उद्या खरोखर पोलिसाची गरज लागली तर ते आमच्याकडे येणार कसं, याचा विचार कुणी करत नाही. ही मुलगी माझ्या पट्ट्याकडे बघत होती, चेहऱ्याकडे नाही. मी दरडावलं नाही. चहा पाजून दोघींना घरी पाठवलं.

दुपारी आमच्या महिला फौजदार साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेल्या. मीही सदरा-पायजम्यात मागे गेलो आणि ओसरीवर बसलो. फौजदार बाईंचं माहेर मैंदर्गीचं, कानडी-मराठी दोन्ही तोंडात खेळतात. प्रश्न विचारायच्या ऐवजी त्या चुलीपुढे बसल्या आणि भाकरी थापायला लागल्या. पहिली परातीतच फाटली. दुसरी तव्यावर पडेपर्यंत तिचा आकार कुठल्याशा तालुक्याच्या नकाशासारखा झाला. मुलगी हसली. मग मी ओसरीवरूनच आईला म्हणालो, तिने काहीही सांगितलं तरी तिची शाळा बंद होणार नाही, हे तिच्यासमोर मोठ्याने म्हणा. बाईंनी जरा आढेवेढे घेतले, पण म्हटलं. त्यानंतर मुलगी बोलायला लागली.

मैत्रिणींकडून तिला एक संकेतस्थळ कळलं होतं. बटण दाबलं की समोर कुणीतरी अनोळखी माणूस, पुन्हा दाबलं की दुसरा. नाव नाही, गाव नाही, वय खरं की खोटं ते विचारणारं कुणी नाही. तिथे तिला ‘दिल्लीचा सोळा वर्षांचा मुलगा’ भेटला. तो हिंदी बोलायचा आणि कॅमेरा बिघडलाय म्हणून तोंड दाखवायचा नाही. मुलगी नकला फार छान करते. तिने त्याला आपल्या मुख्याध्यापिका करून दाखवल्या. त्याने ते चोरून चित्रित केलं. मग आवाज बदलला. मी सांगेन तसं एकटीने कॅमेऱ्यासमोर कर, नाहीतर ही नक्कल तुझ्या मॅडमना पाठवतो. शाळेचं नाव त्याने न विचारता सांगितलं, कारण तिच्या मागे दोरीवर बिल्ल्यासकट गणवेश वाळत होता. पोरीने त्याचं काही ऐकलं नाही, फोन ज्वारीत पुरला आणि आता शाळेतून नाव कमी होणार म्हणून उपाशी बसली. मला तिचं फार कौतुक वाटलं, आणि तसं मी तिला तिथेच सांगितलं.

जाता जाता तिने आणखी एक गोष्ट सांगितली. एकदा बोलणं चालू असताना आई आतून, त्यांच्या घरच्या कानडीत ओरडली, दूध उतू जातंय. तर हा दिल्लीवाला हिंदीत म्हणाला, जा, आधी दूध उतरव. फौजदार बाईंनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. दिल्ली एकदम दहा-वीस किलोमीटरवर आली होती.

गुन्हा नोंदवला. त्या संकेतस्थळाच्या कंपनीला पत्र गेलं, तिकडून लवकर काही येईल अशी मला आशा नव्हती. पण धमक्या त्याने दुसऱ्या ॲपवरून, एका मोबाइल नंबरवरून दिल्या होत्या. सायबर शाखेने तो धागा पकडला आणि तो जवळच्याच एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या इंटरनेट जोडणीपर्यंत पोचला. मालक परगावी होता. राहिले दोन कामगार. एक उत्तरेकडून आलेला, हिंदीशिवाय काही न येणारा. दुसरा काउंटर सांभाळणारा, गोड बोलणारा, स्वतःला पुण्याचा म्हणवणारा. चौकशीला आणलं तेव्हा ठाण्याबाहेर जमलेल्या लोकांनी निकाल देऊनही टाकला होता. एकजण मला समजावत होता, “साहेब, त्यो परका हाय की. त्योच असनार.”

दोघांनीही कानांवर हात ठेवले. मी नेहमीसारखी फालतू चौकशी केली. जेवण कुठे, झोपणं कुठे, भाषा कुठल्या येतात. काउंटरवाला चटकन म्हणाला, “मराठी, हिंदी. कानडीचा एक शब्द कळत नाही साहेब.” मी कानडीचं नावही काढलं नव्हतं. शिवाय सरहद्दीवर काउंटर सांभाळणाऱ्या माणसाला कानडी कळत नाही, हे मला पटेना. जिथे खोटं बोलायची गरज नाही तिथे माणूस खोटं बोलला की मी कान टवकारतो.

दोघांना एका बाकावर बसवून चहा-बिस्किटं दिली. फौजदार बाई फाईल घेऊन दारातून आल्या आणि अगदी सहज, कानडीत म्हणाल्या, हलू नका, बाकाखाली विंचू आहे.

उत्तरेकडचा पोरगा बिस्किट बुडवत राहिला. त्याला एवढंच दिसलं की शेजारचा माणूस चहाचा कप फेकून बाकावर उभा राहिलाय. तोही बिचारा घाबरला आणि माझ्याकडे बघून हिंदीत विचारायला लागला, “क्या हुआ साहब, मैं भी चढ़ूँ?” ठाणे अंमलदाराने तोंड फिरवून हसू दाबलं.

“उतरा आता,” मी म्हणालो. “विंचू बाकावर चढलाय.”

न्यायालयात विंचू चालत नाही, पुरावा लागतो. पण आता कुठे शोधायचं ते कळलं होतं. काउंटरवाल्याच्या खोलीची पंचांसमक्ष झडती घेतली. माळ्यावर दुसरा फोन सापडला. त्यात या मुलीची नक्कल होती आणि दुसऱ्या मुलांची चित्रणंही होती. ते बघून माझं हसू मावळलं. त्या प्रत्येक घरी आम्ही साध्या कपड्यांत गेलो, आणि प्रत्येक घरी आधी आईबापांकडून तेच वाक्य वदवून घेतलं. उत्तरेकडचा पोरगा दुसऱ्या दिवशीपासून कामावर होता. ‘त्योच असनार’ म्हणणाऱ्या गृहस्थाला मी मुद्दाम त्याच्याकडे फोन दुरुस्तीला पाठवलं.

मुख्याध्यापिकांना मी, मुलीच्या परवानगीने, सगळं सांगितलं. त्या गंभीरपणे म्हणाल्या, नक्कल चांगली असेल तर मला बघायचीय. स्नेहसंमेलनात ती झाली. मुलीने मॅडमची नक्कल केली आणि माझीही केली, पट्टा वर ओढण्याच्या माझ्या सवयीसकट. सर्वांत मोठ्याने मॅडमच हसत होत्या.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच. मुलांना फोनमधला माणूस फसवतो खरा, पण अडकवून ठेवते ती घरची भीती. फोन काढून घ्या, गणवेश दुसरीकडे वाळत घाला, सगळं करा. पण ‘तुला कुणी ओरडणार नाही’ हे मुलाला आधीच, काही घडायच्या आत सांगून ठेवा.

निवृत्तीनंतर एकदा मी वळसंगच्या बाजारात गेलो होतो. त्याच बाई भाकरीची चवड मांडून बसल्या होत्या. शेजारी त्यांच्या बहिणीचं पोर भोकाड पसरून रडत होतं. बाईंची नजर माझ्यावर गेली. त्यांनी पोराला माझ्याकडे बोट दाखवलं. आता पुढचं वाक्य मला पाठ होतं.

“त्ये बघ पोलीसमामा,” बाई म्हणाल्या. “जा, काय झालं त्ये त्यास्नी सांग.”

आणि ते पोर नाक ओढत खरोखरच माझ्याकडे आलं.